वाचक विचारतात : जहाजं ग्रीकांची, गोदी कुणाची?

ग्रीक मालकांच्या जहाजांवरच्या नोकरीबद्दल गेल्या अंकात दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्या पत्रांची सुरुवात 'कॅप्टनकाका' अशी आहे. मी कॅप्टन नव्हतो. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून निघालो, तेलाच्या टँकरवर इंजिन रूममध्ये शिरलो आणि सेकंड इंजिनिअर होऊन घरी आलो. कॅप्टन वर ब्रिजवर वाऱ्यात उभा असतो, आम्ही खाली पंचेचाळीस अंशांत. परभणीकराला ते फारसं जड जात नाही. आता अंबाजोगाईला असतो. सगळ्यांना उत्तर देणं काही होणार नाही, म्हणून ही निवडक पत्रं घेतली आहेत.

ग्रीसची लोकसंख्या आपल्या मराठवाड्याहून कमी. तरी मालवाहू जहाजांत ग्रीक जगात पहिले, असं तुम्ही लिहिलंत. हे जमलं कसं? — एक शिक्षक, गेवराई

गुरुजी, ग्रीसमध्ये माणसं एक कोटीच्या थोडी वर, म्हणजे आपल्या आठ जिल्ह्यांपेक्षा पुष्कळ कमी. पण ग्रीक मालकांची जहाजं पाच हजारांवर, आणि जगातली सगळी जहाजं मिळून जेवढा माल उचलू शकतात, त्याचा पाचवा-सहावा हिस्सा यांच्याकडे. तेलाचे टँकर, धान्य-कोळसा-खनिज वाहणारे बल्क कॅरियर, आणि अलीकडे नैसर्गिक वायूची जहाजं. आपल्याकडे मुंद्र्याला कोळसा उतरतो किंवा पारादीपहून लोहखनिज जातं, त्यातली कितीतरी जहाजं अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातल्या आक्ती मियाऊली रस्त्यावरच्या एखाद्या कचेरीतून हलवली जातात. त्या कचेरीत माणसं पन्नाससुद्धा नसतात.

याची सुरुवात खिओस, आंद्रोस, इनूसेस अशा बेटांवर झाली. जमीन खडकाळ, शेती बेताची. घरटी एकजण समुद्रावर. गावातल्या चार घरांनी पैसे घालून एक जहाज घ्यायचं, घरातलाच माणूस कप्तान करायचा आणि नफा वाटून घ्यायचा. गुलांद्रिस आंद्रोसचे, लिवानोस खिओसचे. अजूनही मोठ्या कंपन्यांचे मालक एकमेकांचे मेहुणे-जावई निघतात. आमच्या एका मालकाच्या सुनेचं माहेरही जहाजवाल्यांचंच होतं. लग्नाच्या वर्षी कंपनीत जहाजं वाढली, असं आमचा ग्रीक चीफ इंजिनिअर डोळा मारून सांगायचा.

दुसऱ्या महायुद्धात हा सगळा संसार बुडाला. दोन-तृतीयांशांहून जास्त व्यापारी जहाजं गेली, दोन हजारांहून अधिक खलाशी गेले. उभारी मिळाली ती अमेरिकेकडून. युद्धात अमेरिकेनं लिबर्टी नावाची दोन हजार सातशेवर जहाजं झपाट्यानं बांधली होती, रिव्हेटऐवजी बहुतेक वेल्डिंगनं जोडलेली. युद्ध संपल्यावर त्यांचं करायचं काय? १९४६ मध्ये ग्रीक सरकार जामीन राहिलं आणि शंभर लिबर्टी ग्रीक मालकांना मिळाल्या. थोडी रक्कम रोख, बाकी हप्त्यांनी. ग्रीक आजही त्यांना 'धन्य शंभर' म्हणतात. त्या जातीचं एक जहाज पिरेअसच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभं आहे. मी मुद्दाम बघून आलो. अडीच हजार अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन, तीन सिलिंडरांत वाफ पाळीपाळीनं फुगते, आणि वेग अकरा नॉट. आजच्या जहाजाचा इंजिनिअर त्याला हात लावायला घाबरेल. मला मात्र तिथून निघवेना. सोबतच्या पोरानं मोबाइल काढून दोन फोटो घेतले आणि बाहेर जाऊन बसला.

पुढची त्यांची युक्ती आपल्या माणसाला लगेच कळेल. दुष्काळात जनावरं बाजारात मातीमोलानं निघतात, तेव्हा ज्याच्या घरी कडबा आहे तो ती घेतो आणि पाऊस झाला की विकतो. ग्रीक मालक जहाजांचं हेच करतात. भाडी पडली, बँकांचे हप्ते थकले, जर्मन-नॉर्वेजियन मालक विकायला निघाले, की हे जुनी जहाजं उचलतात. भाडी चढली की नवीनसुद्धा विकून मोकळे. जहाजावर यांचा जीव नसतो, असं आमचा चीफ म्हणायचा, आणि तो स्वतः ग्रीक होता.

झेंड्याचा भाग राहिला. मालक ग्रीक असला तरी जहाजाच्या पाठीवर नोंदणीचं बंदर बहुधा मोनरोव्हिया किंवा माजुरो लिहिलेलं असतं, म्हणजे लायबेरिया नाहीतर मार्शल बेटं. खुद्द ग्रीसमध्येही मालकांना नफ्यावर नव्हे, जहाजाच्या टनांवर कर पडतो. हा कायदा १९७५ चा. परदेशी भांडवलाच्या १९५३ च्या कायद्यातून आलेल्या त्यांच्या सवलतींना तर थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. पेन्शन कापलेल्या ग्रीक म्हाताऱ्यांना २०१० नंतरच्या मंदीत याचा किती संताप यायचा, ते मी पिरेअसच्या कॉफीच्या दुकानांत ऐकलेलं आहे. भाषा कळली नाही तरी टेबलावर आपटलेली मूठ कळते.

मग ही जहाजं ग्रीसच्याच गोद्यांत बांधली जात असतील. स्करामांगासची गोदी आणि पाणबुड्यांचा घोटाळा यावर सविस्तर लिहावं. — स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर

नाही ना बाबा! इथंच लोक फसतात. जहाज बाळगणं हा एक धंदा आणि जहाज बांधणं हा दुसरा. ग्रीक मालकांची नवी जहाजं कोरिया, चीन, जपानमध्ये बांधली जातात. मी ज्या जहाजांवर होतो त्यांतलं एकही ग्रीसमध्ये बांधलेलं नव्हतं.

स्करामांगास अथेन्सच्या पश्चिमेला, सलामिस बेटाच्या समोर आहे. इ.स.पू. ४८० मध्ये जिथं ग्रीक जहाजांनी इराणी आरमाराला अरुंद खाडीत कोंडून मारलं, ते पाणी शेजारीच. ती लढाई ज्या एगालेओ डोंगरावरून इराणच्या झर्क्सिसनं बघितली असं सांगतात, त्याच्या पायथ्याशी आज पेरामा आहे, जहाजदुरुस्तीचा पट्टा. आमचं जहाज तिथं दुरुस्तीला लागलं होतं. छोटे छोटे ठेकेदार, प्रत्येकाचे चार-सहा वेल्डर, दिवसभर गंज काढण्याची ठकठक. कामाला माणसं उत्तम. एका म्हाताऱ्या फिटरनं आमच्या पंपाचा शाफ्ट हातानं चाचपून वाकडा आहे म्हणून सांगितलं, आणि लेथवर लावल्यावर तो वाकडाच निघाला. पण २००८ नंतर पेराम्यातली कामं आटली, बेकारी भयंकर वाढली. ग्रीक मालक स्वतःच आपली जहाजं स्वस्तात पडतं म्हणून तुर्कस्तानच्या तुझला, यालोव्हाला न्यायला लागले. देशाचं तुर्कांशी भांडण, आणि जहाजाचा तळ खरवडायचा तुर्कांकडून!

आता स्करामांगास. तिथं आधी नौदलाची गोदी व्हायची होती. युद्धात बाँब पडले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जहाजसम्राट स्ताव्रोस निआर्खोसनं ती उभी केली. नाव 'हेलेनिक शिपयार्ड्स'. चारशे मीटरहून लांब सुकी गोदी (जहाज आत घेऊन पाणी उपसून टाकायचं), म्हणजे पाच लाख टनी राक्षसी टँकरसुद्धा आत मावेल. मग तेलाचं संकट आलं, बंद पडलेला सुएझचा कालवा पुन्हा खुला होऊन लांबच्या वाटेची गरज उरली नाही, अशा राक्षसांची मागणीच संपली आणि कोरियानं बाजार खाल्ला. १९८५ मध्ये सरकारनं गोदी ताब्यात घेतली. पुढं ती खासगीकरणातून जर्मनांच्या हाती गेली.

फेब्रुवारी २००० मध्ये ग्रीसनं जर्मनीच्या कील इथल्या 'एचडीडब्ल्यू' या जहाजबांधणी कंपनीकडून २१४ प्रकारच्या पाणबुड्यांचा करार केला. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या फ्युएल सेलवर ही पाणबुडी दिवसेंदिवस वर न येता पाण्याखाली राहू शकते. पहिली कीलमध्ये बांधायची, बाकीच्या स्करामांगासला. 'एचडीडब्ल्यू' हे नाव आपल्या वाचकांना नवीन नसावं. १९८१ मध्ये आपणही त्यांच्याकडूनच पाणबुड्या घेतल्या. दोन कीलला झाल्या, दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये: 'शल्की' आणि 'शंकुल'. दलालीच्या आरोपानं १९८७ मध्ये दिल्ली हादरली आणि आपण पुढच्या पाणबुड्या बांधायचं बरीच वर्षं थांबवलं. शिकलेले वेल्डर तसेच निवृत्त झाले. ग्रीसचं उलट झालं. तिथं काम थांबलं नाही, पण नीट चाललंही नाही.

कीलमध्ये तयार झालेल्या पहिल्या पाणबुडीचं नाव 'पापानिकोलिस'. हा १८२१ च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला दर्यावर्दी. दारूगोळा भरलेली पेटती नाव तुर्की युद्धनौकेला नेऊन भिडवणारा. नाव शोभलं, पण चाचण्यांत ग्रीक नौदलाची तक्रार आली की उसळत्या समुद्रात पृष्ठभागावर ती फार कलते, शिवाय इतर दोष आहेत. नौदलानं ती ताब्यात घ्यायचं नाकारलं. पाणबुडी वर्षानुवर्षं कीलच्या धक्क्याला बांधलेली. जर्मन म्हणत दोष दूर केला, ग्रीक म्हणत पैसे देणार नाही. शेवटी २०१० मध्ये ती घेतली. दरम्यान ग्रीसची तिजोरी रिकामी झाली होती, जर्मन मालक गोदीतून बाहेर पडून अबुधाबीची कंपनी आली होती, आणि स्करामांगासच्या तीन पाणबुड्या अर्धवट. गोदीतल्या कामगारांचे पगार थकले. २०१४ नंतर नौदलानंच हस्तक्षेप करून त्या पुऱ्या करून घेतल्या.

घोटाळा यातच दडलेला. करार झाला तेव्हाचे संरक्षणमंत्री आकिस चोखाझोपुलोस, सत्तेतल्या समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. पाणबुड्या आणि रशियन क्षेपणास्त्रांच्या खरेदीतली लाच फिरवून पांढरी केल्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयात पाणबुड्यांच्या सौद्यातल्या 'फेरोस्टाल' कंपनीला २०११ मध्ये १४ कोटी युरोंचा दंड बसला. तू परीक्षेला बसतोयस म्हणून सांगतो, उत्तर लिहिताना एवढं ध्यानात ठेव की देणाऱ्याला दंड झाला आणि घेणारा तुरुंगात गेला. आपल्या प्रकरणात यातलं काय झालं ते तूच शोध.

पण गोदीचा गळा माझ्या मते लाचेपेक्षा दुसऱ्याच कागदानं आवळला. सरकारनं गोदीला दिलेली मदत युरोपीय आयोगानं बेकायदा ठरवली. पैसे परत करायची ऐपत नव्हती, म्हणून २०१० च्या अखेरीस तोडगा निघाला: गोदीनं पंधरा वर्षं व्यापारी जहाजाचं काम करायचंच नाही, फक्त नौदलाचं करायचं. दाराशी जगातला सगळ्यात मोठा जहाजांचा ताफा, आत चारशे मीटरची सुकी गोदी, आणि हात लावायला मनाई! नियम पाळले गेले, गोदी बसली.

हल्ली हालचाल दिसते. २०२१ च्या लिलावात स्करामांगास जॉर्ज प्रोकोपिऊ या जहाजमालकानं घेतली. शेजारची एलेफ्सिना गोदी 'ओनेक्स' कंपनीकडे आली, तिला अमेरिकन सरकारी वित्तसंस्थेनं कर्ज दिलं. याच कंपनीनं आधी सिरोस बेटावरची निओरिओन गोदी चालू केली होती. ती १८६१ ची. याच निओरिओननं १९७० च्या दशकात जहाजं सोडून बॅटरीवर चालणारी चिमुकली मोटारही बांधली होती. काळाच्या फार आधी, म्हणून खपली नाही.

तिथं प्रत्येक तरुणाला सैन्यात जावंच लागतं असं ऐकलं. इतक्या छोट्या देशाला एवढं सैन्य कशाला? घागऱ्यातले ते जवान खरे सैनिक असतात का? — निवृत्त हवालदार, उदगीर

हवालदारसाहेब, रामराम. जावंच लागतं. १९ ते ४५ वयाच्या पुरुषांना सक्तीची सेवा. मध्ये काही वर्षं भूदलात नऊ महिने होती, २०२१ पासून पुन्हा बारा केली. सीमेवर पोस्टिंग घेतलं तर सूट. आमच्या जहाजावरचे ग्रीक कॅडेट या नोकरीच्या गोष्टी सांगायचे. स्वयंपाकघरातल्या बटाट्यांचा विषय निघाला नाही असं एकदाही झालं नाही, म्हणजे फौज इथून तिथून सारखीच.

घागरा म्हणू नका, तिथं ऐकलं तर रागावतील. ते एव्झोन, राष्ट्रपतींचे रक्षक. पांढऱ्या फुस्तानेलाला चारशे चुण्या, तुर्की अमलाच्या चारशे वर्षांच्या म्हणतात. पायातला खिळे ठोकलेला एकेक जोडा तीन किलोच्या आसपास. ही पोरं सक्तीच्या भरतीतूनच निवडलेली, सहा फुटांच्या वर. अथेन्सला संसदेसमोर अनाम सैनिकाच्या स्मारकापाशी तासाभरानं पहारा बदलतो. उन्हात तासभर पापणी न हलवता उभं राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

सैन्य कशाला, तर तुर्कस्तानसाठी. दोघंही १९५२ पासून नाटोत, आणि दोघांच्या तोफा एकमेकांकडे. कास्तेलोरिझो नावाचं ग्रीक बेट तुर्की किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटर. बेटाभोवतीचं पाणी कुणाचं, वरचं आकाश कुणाचं, खालचं तेल-वायू कुणाचं, यावर अर्धं शतक वाद आहे. ग्रीस एजियन समुद्रात आपली हद्द सहा सागरी मैल धरतो. ती बारा केली तर आम्ही युद्धाचं कारण समजू, असा ठराव तुर्की संसदेनं १९९५ मध्ये केला. पुढच्याच जानेवारीत इमिया नावाच्या निर्मनुष्य खडकांवरून दोन्ही आरमारं समोरासमोर आली. ग्रीक नौदलाचं हेलिकॉप्टर पडून तीन अधिकारी गेले. मग अमेरिकेनं दोघांना मागं सारलं. त्या खडकांवर बकऱ्यांशिवाय काही नाही. तरी मी ग्रीकांना हसणार नाही. आपल्याकडं सियाचीनला काय उगवतं?

परिणाम असा की ग्रीसकडे जर्मन बनावटीचे लेपर्ड रणगाडे खुद्द जर्मनीहून जास्त आहेत. उत्पन्नाच्या मानानं संरक्षणावर नाटोत सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्यांत हा देश वर्षानुवर्षं राहिला. मंदीतही सैन्याला फार कात्री लागली नाही असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. पगार कापले गेले, सुटे भाग मिळेनात, विमानं हँगरमध्ये पडून राहिली. खरेदी पुन्हा जोरात सुरू झाली ती २०२० नंतर.

ग्रीसकडेही राफेल आहे म्हणतात, खरं का? — अकरावीतला मुलगा, जालना

खरं आहे. एकूण २४ घेतली, काही नवी, काही फ्रेंच हवाई दलानं वापरलेली. पहिली जानेवारी २०२२ मध्ये तानाग्रा तळावर उतरली. आपली ३६. आपली सुखोई विमानं २०२३ मध्ये ग्रीसला सरावाला गेली होती आणि ग्रीक एफ-१६ पुढच्या वर्षी जोधपूरला आली. फ्रान्सकडून ते नव्या फ्रिगेटही घेताहेत. पहिलीचं नाव 'किमोन', दुसरीचं 'निआर्खोस'. हा निआर्खोस म्हणजे सिकंदराचा आरमारप्रमुख, इ.स.पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणी आखातापर्यंत ताफा घेऊन गेलेला. जहाजसम्राट निआर्खोस वेगळा, गल्लत करू नकोस.

ग्रीक युद्धनौका कधी मुंबईला आली होती का? — जुन्या पत्रांचा संग्राहक, छत्रपती संभाजीनगर

आली होती आणि चांगली वर्षभर राहिली होती. नाव 'गेओर्गिओस आवेरोफ'. इटलीत लिव्होर्नोला बांधलेली चिलखती क्रूझर, १९१० मध्ये पाण्यात उतरली. किमतीचा मोठा वाटा आवेरोफ नावाच्या धनिकाच्या मृत्युपत्रातून आला, म्हणून त्याचं नाव. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात ॲडमिरल कुंदुरिओटिसनं हिच्या जोरावर तुर्की आरमाराला दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीबाहेर डोकं काढू दिलं नाही. एल्लीच्या लढाईत तर बाकीची जहाजं मागं ठेवून ही एकटीच पुढं घुसली. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन अथेन्सवर आले तेव्हा ही तीस वर्षांची म्हातारी अलेक्झांड्रियाला निसटली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीपासून १९४२ सरेपर्यंत मुंबईला तळ ठोकून हिंदी महासागरात ताफ्यांची राखण करत होती. तुमच्या संग्रहात त्या काळातलं मुंबईहून गेलेलं एखादं ग्रीक लिपीतलं पाकीट निघालं तर ते फेकू नका. आवेरोफ आज अथेन्सजवळ फालिरोला संग्रहालय आहे. शेजारीच 'ओलिंपियास' ठेवली आहे. प्राचीन त्रिरेमीची ही १९८७ ची प्रतिकृती, तीन मजल्यांवर १७० वल्हेकरी. नौदलाच्या यादीत तिला रीतसर जागा आहे. वल्ही बघितली आणि मनात आलं, आमची इंजिन रूम बरी.

आमच्या तेरला परदेशी जहाजांतून माल जायचा असं शाळेत सांगतात. तेर कुठं, समुद्र कुठं! — तेर, जि. धाराशिव

शाळेत बरोबर सांगतात, फक्त जहाज गुजरातेतल्या भडोचला लागायचं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत एका व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं टिपण लिहिलं, त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. तो बहुधा इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर, असं त्यात आहे. तगर म्हणजे तुमचं तेर. पैठणहून गोमेदासारखे खडे, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचला जाई. तुमच्या गावच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मृण्मूर्ती आणि हस्तिदंती बाहुली आहे, पाहिली नसेल तर आधी ती पाहा. त्या ग्रीकानं जाता जाता असंही लिहून ठेवलंय की हा माल मोठमोठ्या, रस्ते नसलेल्या मुलखातून येतो. बांधकाम खात्यानं ही तक्रार नोंदवून घेतली की नाही, कल्पना नाही.

भाऊ, माझा मुलगा दहावी झालाय. एक एजंट म्हणतो, चार लाख द्या, ग्रीसच्या जहाजावर थेट खलाशी म्हणून लावतो. दोन एकर विकायचा विचार आहे. जहाजांवर हल्ले होतात तेही ऐकते. काय करू? — एक आई, हिंगोली

ताई, शेत विकू नका. एजंटला एक रुपया देऊ नका.

जहाजावरची नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेणं बेकायदा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे तो खर्च जहाजमालकाचा. मुलाला पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च करावा लागतो, तो वेगळा. भारतात खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. एजंटला परवान्याचा नंबर विचारा. 'मुंबईच्या साहेबांकडे आहे' असं म्हणाला की चहा पाजून वाटेला लावा. चहाही नाही पाजला तरी चालेल.

आणि 'थेट' असं काही नसतं. दहावीनंतर सरळ वाट जीपी रेटिंगची, म्हणजे साध्या खलाशाच्या कोर्सची. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच. वय साडेसतरा ते पंचवीस, दहावीला एकूण आणि इंग्रजीत चाळीस टक्के. पोराचं वय भरत नसेल तर थांबा, तोवर पोहायला शिकवा आणि डोळे तपासून घ्या. रंग नीट ओळखता येत नसतील तर डेकवर घेत नाहीत. संस्थेची फी असते, तिची पावती मिळते. पण कोर्स झाला म्हणजे जहाज मिळालं असं नाही. संस्थेला विचारा, मागच्या बॅचची किती मुलं जहाजावर गेली, आणि त्यातल्या दोघांचे फोन नंबर मागा. बारावी सायन्स करून गणित-भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रात साठ टक्के पाडणार असेल तर अधिकारी व्हायची वाट मोकळी होते. अभ्यासात बरा असला तर मी दोन वर्षं थांबायलाच सांगेन.

हल्ल्यांचं खोटं सांगणार नाही. येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ग्रीक मालकांची बरीच जहाजं लक्ष्य केली. जून २०२४ मध्ये 'ट्यूटर' नावाचं कोळशाचं जहाज बुडालं. स्फोट इंजिन रूमवर झाला आणि तिथला एक फिलिपिनो खलाशी गेला. त्याच ऑगस्टमध्ये 'सूनिओन' टँकर पेटवला, त्यात दीड लाख टन तेल होतं. ते सांडलं असतं तर तांबड्या समुद्राची वाट लागली असती. युरोपीय आरमारांनी राखणीची मोहीम काढली, तिचं मुख्यालय ग्रीसच्या लारिसाला आहे. ग्रीक मालक धोका घेतात, कारण धोक्याच्या वाटेवर भाडं जास्त मिळतं. भाडं मालकाला, धोका खालच्या पोराला. म्हणून मुलाचा करार हातात आला की त्यात युद्धक्षेत्राचं कलम आहे का बघा. चांगल्या करारात तिकडं जायला नकार देण्याचा हक्क असतो, आणि गेलात तर जादा पगार. कंपनीनं जहाज वाऱ्यावर सोडलं तर परतीच्या तिकिटाची आणि थकलेल्या पगाराची हमी कोणत्या विमा कंपनीनं घेतली आहे, त्याचा कागद जहाजावर लावलेला असतो. पोरानं चढल्या दिवशी त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवावा.

एजंटनं जे काही लिहून दिलं असेल त्याची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. परवान्याचा नंबर खरा आहे का, एवढं मी बघून देईन. तोवर सातबारा कपाटात ठेवा.